ससेपालन : आधी पिंजरे, मग जोडी

शिरूर व दौंड तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर गाई, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या जोडीने आता कोठे कोठे पांढरे ससेही दृष्टीस पडतात. कोणी मुलांच्या हौसेखातर शहरातून एक जोडी आणतो, तर कोणी त्यापासून चार पैसे मिळतील या आशेने आणतो. हेतू कोणताही असो, प्रारंभ बहुधा एकाच रीतीने होतो. जोडी प्रथम घरी येते आणि तिला ठेवावयाचे कोठे, हा विचार त्यानंतर सुरू होतो. मग कोंबड्यांचे जुने खुराडे किंवा फळांची रिकामी पेटी शोधून काढली जाते आणि नर व मादी एकत्र कोंडली जातात. तीन-चार महिन्यांत त्या पेटीत पिलांची गर्दी होते, काही पिले दगावतात, काही शेजाऱ्यांना वाटली जातात, आणि उरलेली एके दिवशी उसाच्या फडाच्या कडेला सोडून दिली जातात. यात मुक्या जीवांचे हाल होतात, पाळणाऱ्याचा खर्च वाया जातो आणि ससेपालनाविषयी गावात गैरसमज पसरतो. हा क्रम उलटा केला पाहिजे. पिंजरे तयार झाल्यावाचून जोडी आणू नये आणि पिले कोठे जाणार हे निश्चित झाल्यावाचून वीण घेऊ नये.

निसर्गाने बंधन घातलेले नाही

गाय किंवा शेळी पाळणाऱ्या शेतकऱ्याला विणीसंबंधीचे काही ठोकताळे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतात. गाय माजावर येते, तो माज काही तासांपुरता टिकतो आणि तो चुकला तर सुमारे तीन आठवडे थांबावे लागते. गर्भ नऊ महिने वाढतो आणि बहुधा एकच वासरू होते. पाळणाऱ्याने फारसा विचार केला नाही, तरी निसर्गच त्याला मर्यादेत ठेवतो.

सशाच्या बाबतीत ही मर्यादा जवळजवळ नाहीच. सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. नराशी संयोग झाल्यानंतर सुमारे दहा तासांनी तिच्या बीजांडकोशातून बीजे सुटतात, म्हणजे संयोगच बीज सुटण्यास कारण होतो. गर्भकाळ अवघा ३० ते ३२ दिवसांचा असतो. एका वेतात साधारणतः पाच ते आठ पिले होतात. आणि व्याल्यानंतर काही तासांतच मादी पुन्हा गाभण राहू शकते. नर आणि मादी एकाच पिंजऱ्यात ठेवली, तर मादी एकीकडे एका वेताला दूध पाजते आणि दुसरीकडे पुढचे वेत पोटात वाढविते. तिची हाडे वर येतात, दूध आटते, पिले खुरटतात. अशी मादी एक-दोन वर्षांत निकामी होते.

कागदावर हिशेब मांडून पाहिला, तर एका मादीला दर महिन्याला सहा पिले याप्रमाणे सहा महिन्यांत ३६ पिले होतात. हाच हिशेब दाखवून कित्येकांना या धंद्याकडे ओढले जाते. त्या ३६ पिलांना जागा किती लागेल, चारा किती लागेल आणि त्यांतील किती जगतील, हे त्या कागदावर लिहिलेले नसते. निसर्गाने न घातलेले बंधन पाळणाऱ्याने स्वतः घालावयाचे असते, आणि ज्याला ते घालता येत नाही त्याने नर-मादीची जोडी आणू नये, हेच बरे.

या दोन तालुक्यांतील उन्हाळा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत भरपूर पाऊस पडतो. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठी वसलेला हा पूर्वेकडील प्रदेश मात्र पर्जन्यछायेत येतो. कालव्यांच्या पाण्यावर येथे ऊस उभा राहिला असला, तरी हवा कोरडीच आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ही गोष्ट ज्वारीला किंवा शेळीला जितकी सोसते, तितकी सशाला सोसत नाही.

पाळीव ससा हा मूळचा युरोपातील स्पेन-पोर्तुगालच्या बाजूचा, जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी होय. त्याला घाम जवळजवळ येत नाही, अंगावर दाट केस असतात आणि अंगातील उष्णता मुख्यतः लांब कानांवाटे बाहेर पडते. १५ ते २५ अंश तापमान त्याला मानवते. ३० अंशांच्या पुढे तो धापा टाकू लागतो, खाणे कमी करतो. ३५ अंशांच्या वर दीर्घकाळ राहिल्यास तो मरण्याचा संभव असतो, आणि त्यातही गाभण मादी आधी मरते. तीव्र उन्हाने नराचे वीर्यही काही आठवडे निकृष्ट होते. याकरिता या भागात उन्हाळ्यात वीण घेणे सर्वथैव अयोग्य आहे.

मग वीण केव्हा घ्यावी? जुलैच्या मध्यावर पहिला संयोग घडवावा. मादी ऑगस्टच्या मध्यावर विते आणि पिले सहा आठवड्यांची होऊन सप्टेंबरअखेर आईपासून वेगळी करता येतात. मादीला दोन आठवडे विसावा देऊन ऑक्टोबरच्या मध्यावर दुसरा संयोग, नोव्हेंबरच्या मध्यावर वेत. त्याच क्रमाने जानेवारीच्या मध्यावर तिसरा संयोग आणि फेब्रुवारीच्या मध्यावर वेत. ही शेवटची पिले मार्चअखेर, कडक ऊन सुरू होण्याच्या सुमारास, आईच्या दुधावरून सुटतात. त्यानंतर जुलैपर्यंत नर व मादी दोघांनाही पूर्ण विश्रांती द्यावी.

अशा रीतीने वर्षाला तीन वेते होतात. तीन वेते फार थोडी, असे काहींना वाटेल. थंड हवेच्या प्रदेशात किंवा तापमान नियंत्रित केलेल्या मोठ्या गोठ्यात याहून अधिक वेते घेतली जातात, हे खरे आहे. परंतु पत्र्याच्या छपराखाली मे महिन्यात झालेले वेत हे उत्पन्न नव्हे. तीन वेतांची जगलेली पिले ही सहा वेतांच्या मेलेल्या पिलांपेक्षा पाळणाऱ्याच्या अधिक उपयोगी पडतात.

एका जोडीला चार पिंजरे

एका जोडीला एक पिंजरा पुरतो, ही समजूत या सर्व दुरवस्थेचे मूळ आहे. वस्तुतः एका जोडीला चार पिंजरे लागतात. एक मादीसाठी, एक नरासाठी, आणि उरलेले दोन वाढत्या पिलांसाठी. पिले तीन-साडेतीन महिन्यांची होताच वयात येऊ लागतात. म्हणून दहा-बारा आठवड्यांच्या आतच नर पिले एका पिंजऱ्यात आणि मादी पिले दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवावी लागतात. हे न केल्यास भाऊ-बहिणींचा संकर होतो आणि पुढची पिढी दुबळी निपजते. मादीला पाच-सहा महिने पूर्ण होऊन तिची वाढ झाल्याखेरीज तिच्यापासून वीण घेऊ नये.

मादीच्या पिंजऱ्याचे तळ किमान तीन फूट लांब व दोन फूट रुंद असावे. उंची दोन फूट ठेवावी, म्हणजे ससा मागच्या पायांवर उभा राहून कान ताठ करू शकतो. पिंजरा जमिनीपासून अडीच ते तीन फूट उंच असावा. तळाला अर्ध्या इंचाच्या छिद्रांची जाळी घालावी, म्हणजे लेंड्या व मूत्र खाली पडते. मात्र संपूर्ण तळ जाळीचे ठेवल्यास सशाच्या तळपायांना जखमा होतात. म्हणून एका कोपऱ्यात बसण्यासाठी गुळगुळीत फळी टाकावी. पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. नवजात पिलांना मुंग्या लागून ती मरतात, ही गोष्ट पुष्कळांना पिले गेल्यावरच कळते.

पत्र्याच्या छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. पिंजरे शक्यतो निंबाच्या किंवा अन्य दाट सावलीच्या झाडाखाली असावेत. दुपारच्या वेळी उन्हाच्या बाजूने ओले बारदान सोडावे, परंतु हवा खेळण्यास समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चहूकडून बंद केलेल्या दमट जागेत मूत्राची वाफ साठून सशांना श्वसनाचे रोग जडतात. पावसाळ्यात तळ ओले राहिले, तर पिलांना हगवण लागते. पाणी मातीच्या जड भांड्यात ठेवावे आणि ते उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा बदलावे.

मादी गाभण असता २७-२८ व्या दिवशी तिच्या पिंजऱ्यात विणीची पेटी ठेवावी. दीड फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी साधी लाकडी पेटी पुरते. तीत कोरडे मऊ गवत घालावे. मादी आपल्या पोटाचे केस उपटून त्यात अंथरते. पिले जन्मतः केसविरहित व आंधळी असतात आणि त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. मादी दिवसातून एक-दोनदाच, तेही काही मिनिटेच, दूध पाजते. एरवी ती पिलांपासून दूर बसलेली दिसते, म्हणून तिने पिले टाकली असे समजून ती वारंवार हाताळू नयेत. रोज एकदा शांतपणे पाहून मेलेले पिलू काढून टाकावे, इतके पुरे आहे.

संयोगासाठी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडल्यास ती त्याच्यावर धावून जाते. काम होताच तिला परत आणावे. एरवी दोघे कायम वेगळे असावेत, हा नियम मोडू नये.

चारा आणि आरोग्य

सशाचे मुख्य अन्न चारा हेच होय. लसूणघास, हत्तीगवत आणि इतर स्वच्छ गवत त्याला चालते. ओला लसूणघास एकदम भरपूर घातल्यास पोट फुगते, म्हणून तो काही तास सुकवून द्यावा. दाणे बेताने द्यावेत. कोवळी ज्वारी जनावरांना बाधते हे शेतकऱ्यांना माहीत आहेच. तीच काळजी येथेही घ्यावी. कोंबड्यांचे तयार खाद्य सशांना घालू नये, कारण त्यात मिसळलेली काही औषधे सशांना विषारी ठरतात. भाजीपाल्याची पाने देताना त्यांवर कीटकनाशक फवारलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

कान, नाक किंवा पंजे यांवर खपल्या दिसल्या तर ती बहुधा खरूज असते. ती इतर सशांना आणि माणसालाही लागू शकते. असा ससा वेगळा ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावा. औषधाची मात्रा अंदाजाने देऊ नये. ससा उचलताना कान धरू नयेत. एक हात छातीखाली व दुसरा मागील भागाखाली द्यावा. लोंबकळत धरलेला ससा झटका देतो आणि त्यात त्याचा कणा मोडण्याची भीती असते. मुलांना ससा देण्याआधी एवढे तरी शिकवावे.

सोडून देणे ही सुटका नव्हे

पिले जास्त झाली की ती रानात सोडावीत, म्हणजे ती आपोआप जगतील, असे पुष्कळांस वाटते. ही समजूत बहुधा एका शब्दामुळे होते. मराठीत घरच्या सशालाही ससा म्हणतात आणि रानातल्या सशालाही ससाच म्हणतात. परंतु हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. रानसशाची पिले जन्मतः केसाळ असतात, त्यांचे डोळे उघडे असतात. तो बीळ करीत नाही, झुडपात दबून बसतो आणि वेगाने पळून जीव वाचवितो. पांढऱ्या पाळीव सशाच्या अंगी यांतील एकही गुण नाही. उसाच्या बांधावर तो दुरून दिसतो आणि एक-दोन रात्रींत कुत्री किंवा कोल्हे त्याला संपवितात.

परदेशांचा अनुभव याच्या उलट, परंतु तितकाच बोलका आहे. सन १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकारीच्या हौसेसाठी थोडे ससे मोकळे सोडण्यात आले. पुढील काही दशकांत त्यांनी त्या खंडाचा फार मोठा भाग व्यापून पिके व कुरणे फस्त केली. न्यूझीलंडमध्येही सशांचा असाच सुळसुळाट झाल्यावर १८८० च्या दशकात त्यांच्या बंदोबस्तासाठी फेरेट नावाचा, दिसण्यात मुंगसाची आठवण करून देणारा, पाळीव शिकारी प्राणी रानात सोडला गेला. ससे काही संपले नाहीत, परंतु उडू न शकणाऱ्या व जमिनीवर घरटी करणाऱ्या तेथील पक्ष्यांचा मात्र संहार झाला. पाळलेला प्राणी रानात सोडला की पुढे काय होईल हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

याच संदर्भात आणखी एक सूचना आवश्यक आहे. ऊसतोडीच्या किंवा कापणीच्या वेळी रानसशाची पिले सापडतात आणि मुले ती घरी आणतात. रानससा हा वन्यजीव असून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. पिलू एकटे दिसले म्हणजे ते पोरके असते असे नाही. त्याची आई बहुधा तिन्हीसांजेला येऊन दूध पाजून जाते. ते जेथे सापडले तेथेच जवळच्या आडोशाला ठेवावे.

बिबट्याचा प्रश्न

उसाच्या शेतीबरोबर या भागात बिबट्याचा वावर वाढला आहे. शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात सन २०२५ मध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे, लहान मुलांचेही, प्राण गेले. अशा ठिकाणी घराच्या ओसरीवर किंवा फडालगत दुबळ्या जाळीचा पिंजरा टांगणे म्हणजे हिंस्र श्वापदाला दाराशी येण्याचे निमित्त देणे होय. सशाच्या वासाने प्रथम कुत्री आणि मांजरे येतात. त्या कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येऊ शकतो. म्हणून रात्री पिंजरे पक्क्या भिंतींच्या, झरोके असलेल्या आणि दार लागणाऱ्या खोलीत असावेत. मेलेली पिले उकिरड्यावर न फेकता खोल पुरावीत. सायंकाळनंतर मुलांना पिंजऱ्याकडे पाठवू नये. ज्याच्याकडे अशी बंदिस्त जागा नाही, त्याने फडालगतच्या वस्तीवर ससे न पाळलेलेच बरे.

नफ्याचे आमिष

‘जोडी आमच्याकडून घ्या, पिले आम्हीच परत विकत घेऊ’, असे सांगणारे विक्रेते अधूनमधून गावोगाव येतात. त्यांच्या बोलण्याची पारख करण्यास फार दूर जाण्याची गरज नाही. सन २०१२ मध्ये तामिळनाडूत इमूपालनाच्या योजना कोसळल्या आणि हजारो शेतकऱ्यांकडे न विकले जाणारे पक्षी उरले. सन २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात कडकनाथ कोंबड्यांच्या बाबतीत असाच प्रकार उघडकीस आला. ससा, इमू आणि कोंबडी हे प्राणी भिन्न असले, तरी या योजनांचा पाया एकच असतो. पिले खाणारा किंवा पाळणारा खरा गिऱ्हाईक नसतो, नवी जोडी घेणारा पुढचा शेतकरी हाच गिऱ्हाईक असतो. तो मिळेनासा झाला की व्यवहार थांबतो, परंतु सशांची वीण थांबत नाही. म्हणून विक्रेत्याच्या लेखी हमीपेक्षा स्वतः जाऊन पाहिलेला बाजार अधिक विश्वसनीय मानावा. पिले कोण घेणार, कोणत्या उपयोगासाठी घेणार आणि त्या व्यवहाराला कोणते परवाने लागतात, याची चौकशी जोडी आणण्यापूर्वीच पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागाकडे करावी.

एक आक्षेप असाही येईल की इतके नियम सांगितल्यास गरीब माणूस हा जोडधंदा करणारच नाही. परंतु नियमांचा खर्च टाळून धंद्याचा खर्च टळत नाही. तो मेलेल्या पिलांच्या रूपाने द्यावाच लागतो. शिवाय हालचाल करण्यास पुरेशी जागा न देता प्राण्याला कोंडून ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हाही आहे. ज्याला चार पिंजरे करणे शक्य नाही त्यालाही मार्ग आहे. मुलांच्या हौसेसाठी त्याने एकाच वेतातील दोन माद्या आणाव्यात. त्या एकमेकींच्या सोबतीने राहतात आणि विणीचा प्रश्नच उद्‌भवत नाही. मात्र बाजारात लहान पिलांचे लिंग ओळखण्यात वारंवार चूक होते, म्हणून ती पशुवैद्यकाकडून तपासून घ्यावीत.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी व पशुसंवर्धन कर्मचाऱ्यांनी या बाबतीत केवळ उत्तेजन देऊन थांबू नये. एखाद्या शेतकऱ्याने ससे आणण्याचा विचार बोलून दाखविला, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. पिंजरे किती तयार आहेत? वैशाखातील दुपारी ते कोणत्या सावलीत राहतील? रात्री ते कोठे ठेवले जातील? आणि पहिल्या वेतातील सहा पिले कोणाच्या घरी जातील? या चारही प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर त्याला अवश्य साह्य करावे. एकाचे जरी उत्तर नसले, तरी त्याला थांबण्याचा सल्ला देणे हेच त्याच्या हिताचे आहे. जोडी पुढच्या पावसाळ्यातही मिळेल. तोपर्यंत पिंजरे बांधून व्हावेत आणि बांधावर लसूणघासाचा एखादा वाफा उभा राहावा. अशा घरी आलेली जोडी सुखाने नांदेल आणि तिची पिलेही जगतील.